थ्रेड : सोचिमिल्को ते खडवली – अ‍ॅक्सोलॉटल नावाच्या पाहुण्याचा इतिहास

गुलाबी-पांढरे अंग, डोक्याच्या दोन्ही बाजूंस पिसांसारखे तीन-तीन कल्ले आणि चेहऱ्यावर कायमचे हसू. गेल्या काही वर्षांत मुंबई-ठाण्याच्या हौशी मत्स्यपालकांच्या बोलण्यात हा प्राणी वारंवार येऊ लागला आहे. २०२१ साली ‘माइनक्राफ्ट’ या खेळात तो अवतरला आणि ज्या मुलांनी मेक्सिकोचा नकाशाही नीट पाहिला नव्हता त्यांना त्याचे नाव पाठ झाले. मात्र काचेच्या पेटीत तरंगणाऱ्या या जिवामागे एक बुडवलेले साम्राज्य, एक आटवलेले सरोवर आणि एक फसलेली फ्रेंच स्वारी उभी आहे. तोच इतिहास या थ्रेडमध्ये.

आधी नावाविषयी. नाहुआत्ल ही अ‍ॅझ्टेक लोकांची भाषा. तीत या प्राण्याला ‘आशोलोत्ल’ म्हणत. स्पॅनिश जिभेवर त्याचे ‘अहोलोते’ झाले आणि इंग्रजी वाचकांनी अक्षरे पाहून ‘अ‍ॅक्सोलॉटल’ केले. आपल्याकडे हे तिसऱ्या हातचे नाव आले. ‘आत्ल’ म्हणजे पाणी आणि ‘शोलोत्ल’ हा देव. विजेचा, मृत्यूचा आणि विद्रूपतेचा.

सोळाव्या शतकात बेर्नार्दिनो दे साहागुन या फ्रान्सिस्कन धर्मोपदेशकाने स्थानिक लोकांकडून कथा लिहून घेतल्या. त्यांतील एक अशी : नवा सूर्य स्थिर होता, तो चालावा म्हणून सर्व देवांनी प्राण द्यायचे ठरले. शोलोत्लने नकार दिला व पळ काढला. तो मक्याच्या शेतात शिरून जोडकणीस झाला, ओळखला गेला. घायपाताच्या कुळातील मॅग्वेच्या रानात शिरून जोडमॅग्वे झाला, तिथेही ओळखला गेला. शेवटी पाण्यात उडी घेऊन आशोलोत्ल झाला. तिथे मात्र पकडला गेला आणि मारला गेला.

पुराणकथा म्हणून ती आहेच, पण तिच्यात निरीक्षणही आहे. हा प्राणी रूप बदलण्याच्या उंबरठ्यावर थांबलेला आहे, हे त्या लोकांच्या ध्यानात आले असावे असे वाटते. युरोपातील विद्वानांना ते कळायला पुढे तीन शतके लागली.

या प्राण्याचे घर म्हणजे मेक्सिकोच्या खोऱ्यातील सोचिमिल्को आणि चाल्को ही सरोवरे. अ‍ॅझ्टेक राजधानी तेनोच्तित्लान याच जलव्यूहात एका बेटावर वसली होती. सरोवराच्या उथळ भागात गाळ व काटक्यांचे थर रचून केलेल्या आयताकृती शेतांना ‘चिनांपा’ म्हणतात. दोन शेतांमध्ये कालवा आणि कालव्यात अ‍ॅक्सोलॉटल. तेव्हा तो कुणाचा पाळीव नव्हता. तो बाजारात विकला जाणारा, चवीने खाल्ला जाणारा आणि औषधी मानला जाणारा जलचर होता.

१५२१ मध्ये तेनोच्तित्लान पडले. स्पॅनिशांनी त्याच जागी मेक्सिको शहर उभारले. सरोवरासोबत जगण्याची कला मात्र त्यांनी घेतली नाही. शहरात पूर येऊ लागले तेव्हा त्यांनी पाणी खोऱ्याबाहेर काढून देण्याचा मार्ग धरला. १६०७ साली सुरू झालेले ते निचऱ्याचे काम पुढची तीन शतके चालू राहिले. चाल्को सरोवर गेले, सोचिमिल्कोचे उरले ते काही कालवे.

अ‍ॅक्सोलॉटल युरोपात आला तो आधी मेलेला, मद्यार्कात बुडवलेला. अलेक्झांडर फॉन हम्बोल्टने मेक्सिकोहून आणलेले दोन नमुने पॅरिसमध्ये जॉर्ज क्युव्हिए या शरीरशास्त्रज्ञाने तपासले. त्याचा तर्क असा की हा पूर्ण वाढलेला प्राणी नव्हेच, एखाद्या मोठ्या सॅलमँडरचे पिल्लू असावे. बेडकाची शेपटीवाली पिल्ले जशी कल्ल्यांनी श्वास घेतात तसेच हे. पण मग त्याचे आईबाप कुठे होते? ते कुणालाच सापडेनात. वाद तिथेच अडकून पडला.

वाद सुटण्यासाठी जिवंत प्राणी हवा होता. तो मिळाला युद्धामुळे.

तिसऱ्या नेपोलियनने मेक्सिकोत सैन्य उतरवले. १८६३ च्या मे महिन्यात जनरल फोरेच्या फौजांनी पुएब्ला घेतले आणि जूनमध्ये त्या राजधानीत शिरल्या. सैन्याच्या मागोमाग वैज्ञानिक मोहीमही आली. नेपोलियन घराण्याचा हा इजिप्तपासूनचा शिरस्ता होता. १८६४ साली ३४ जिवंत अ‍ॅक्सोलॉटल पॅरिसच्या ‘जार्दिन दाक्लिमातास्याँ’ या उद्यानात पोहोचले. ३३ काळपट आणि एक पांढरा.

या उद्यानाचे नाव लक्षात ठेवण्याजोगे आहे. ‘अक्लिमातास्याँ’ म्हणजे परक्या हवामानातील जीव आपल्या हवामानाला सरावून घेणे. वसाहतींतून आणलेले प्राणी-वनस्पती मायदेशी रुजवता येतील असा त्या काळाचा ठाम विश्वास होता. ते उद्यान १८६० चे. भायखळ्याची राणीची बाग, म्हणजे तेव्हाचे व्हिक्टोरिया गार्डन, १८६२ चे. एकाच दशकातील, एकाच वाऱ्याने आलेल्या या दोन संस्था.

त्या ३४ पैकी सहा अ‍ॅक्सोलॉटल ऑग्युस्त द्युमेरील या प्राणिशास्त्रज्ञाच्या हाती आले : पाच नर व एक मादी. पांढरा होता तो नरांपैकी. जानेवारी १८६५ मध्ये मादीने अंडी घातली. म्हणजे हे ‘पिल्लू’ स्वतःच प्रजननक्षम निघाले! क्युव्हिएचा तर्क मोडला असे सर्वांना वाटले.

पण त्याच वर्षी आक्रीत घडले. त्या अंड्यांतून वाढलेल्यांपैकी काहींचे कल्ले आक्रसले, शेपटीवरचा पडदा गेला, अंगावर पिवळे ठिपके उमटले आणि ते पाण्याबाहेर पडून जमिनीवरचे सॅलमँडर झाले. म्हणजे क्युव्हिएही बरोबर होता. अ‍ॅक्सोलॉटल हे पिल्लूच; मात्र पिल्लू राहूनच वयात येणारे, बहुधा आयुष्यभर रूप न बदलणारे.

आता थोडे इकडे वळू. द्युमेरीलच्या टाकीत अंडी पडली त्याच महिन्यात, १ जानेवारी १८६५ रोजी, थळ घाटातून कसारा-इगतपुरी लोहमार्ग खुला झाला. कल्याणहून वासिंदपर्यंतचा रस्ता त्याआधीच, १८५५ मध्ये झालेला होता. खडवलीच्या शिवारातून रूळ गेले ते तेव्हा. या दोन घटनांत कार्यकारणभाव नाही, तो ओढूनताणून लावूही नये. परंतु जगाच्या एका कोपऱ्यातील जीव दुसऱ्या कोपऱ्यात पोहोचवणारी वाफेची जहाजे आणि आगगाड्या एकाच युगाच्या आहेत, हे ध्यानी घ्यावे.

काचेच्या टाकीत जलचर पाळण्याची हौसही त्याच काळची. लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये १८५३ साली पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. पाणवनस्पती व मासे एकत्र ठेवले तर पाणी दीर्घकाळ चांगले राहते, हे तेव्हा नुकतेच उमगले होते. मध्यमवर्गीय दिवाणखान्यांत काचपेट्या आल्या आणि द्युमेरीलने अ‍ॅक्सोलॉटलची पिल्ले व अंडी मुक्तहस्ते वाटली ती याच वातावरणात. संस्थांना दिली, हौशी लोकांना दिली, संशोधकांना दिली. त्यांनी पुढे इतरांना दिली.

द्युमेरील १८७० मध्ये पॅरिसला प्रशियन सैन्याचा वेढा पडलेला असताना वारला. त्याच वेढ्यात भुकेल्या शहराने प्राणिसंग्रहालयातील हत्तीसुद्धा खाल्ले. अ‍ॅक्सोलॉटलचा वंश मात्र तोवर शहराबाहेर कितीतरी ठिकाणी पसरला होता. एका मूठभर कळपातून सुरू झालेली ही वंशावळ आजतागायत चालू आहे. प्रयोगशाळेत सर्वांत दीर्घकाळ सलग टिकलेला प्राणी म्हणून त्याचे नाव घेतले जाते.

आज ज्या पांढऱ्या, काळ्या डोळ्यांच्या अ‍ॅक्सोलॉटलवर मुले भाळतात, त्याचा रंग त्या १८६४ च्या एकट्या पांढऱ्या नराकडे नेऊन पोहोचवला जातो. निसर्गातील अ‍ॅक्सोलॉटल गडद तपकिरी असतो, गाळात दिसेनासा होणारा. लाल डोळ्यांचा सोनेरी प्रकार तर आणखी अलीकडचा : १९६२ साली अमेरिकेत हम्फ्री या संशोधकाने वाघ-सॅलमँडरशी संकर करून रंगहीनतेचा गुण त्यात आणला. म्हणजे दुकानात जो ‘शुद्ध’ म्हणून विकला जातो, त्याच्या रक्तात पाहुणा असण्याची शक्यता बरीच.

या कथेत एक स्त्री आहे आणि तिचा उल्लेख नेहमी ओझरता होतो. जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे मारी फॉन शॉव्हीन हिने १८७० च्या दशकात अ‍ॅक्सोलॉटलना हळूहळू उथळ पाण्यात व मग ओल्या जमिनीवर आणून, कमालीच्या धीराने, त्यांचे रूपांतर घडवून दाखवले. उत्क्रांतिवादी आउगुस्ट वाइसमान याने त्या प्रयोगांवर आपली मांडणी उभी केली. वाइसमानचे नाव क्रमिक पुस्तकात आहे. शॉव्हीनचे शोधावे लागते.

पुढचा धडा थायरॉइडचा. १९१३ साली लाउफबर्गर या चेक शास्त्रज्ञाने आणि १९२० मध्ये, स्वतंत्रपणे, ज्युलियन हक्स्लीने अ‍ॅक्सोलॉटलना थायरॉइड ग्रंथी खाऊ घातली. प्राणी काही आठवड्यांत जमिनीवरचे झाले. ब्रिटिश वृत्तपत्रांनी त्याचा केवढा गाजावाजा केला! या प्रयोगाचे एक वाईट शेपूट अजून वळवळते आहे : पाण्यात आयोडीन टाकून घरच्या घरी अ‍ॅक्सोलॉटलचे ‘रूपांतर’ करण्याचा उद्योग. बहुतेक वेळा प्राणी मरतो. जगला तर अल्पायुषी होतो.

आता मराठी मुलखाकडे. पाण्यातले जीव पाळणे येथे नवे नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ.स. ११३० च्या सुमारास सिद्ध केलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण आहे. माशांचे तीसहून अधिक प्रकार आणि कोणाला काय खाऊ घालावे याचा तपशील त्यात येतो. (हे कल्याण म्हणजे कर्नाटकातील बसवकल्याण. ठाणे जिल्ह्यातील कल्याणच्या अभिमान्यांनी येथे टाळ्या वाजवू नयेत.) अर्थात राजाचा हेतू निरागस नव्हता, खाऊ घालून पोसलेले मासे शेवटी गळाला लावायचे होते.

आधुनिक काळात सामान्य मराठी घराशी परदेशी माशाची पहिली ओळख झाली ती हौशीतून नव्हे, हिवतापातून. दक्षिण अमेरिकेतील गप्पी मासा डासांच्या अळ्या खातो म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी भारतात आणला गेला. आरोग्य खात्याची माणसे विहिरीत, हौदात गप्पी सोडतात हे दृश्य ठाणे जिल्ह्यातील गावांना अजून परिचित आहे. पाहुण्याला सरकारी नोकरी लागली, असेच म्हणायचे.

हौशीला प्रतिष्ठा आली ती स्वातंत्र्यानंतर. मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. त्याला पारशी दानशूराच्या देणगीचे बळ होते. सहलीला मुंबईस नेलेल्या कित्येक पिढ्यांनी पहिली काचपेटी तिथे पाहिली. पुढे क्रॉफर्ड मार्केट आणि कुर्ल्याच्या माशांच्या बाजारातून टाक्या उपनगरांत पसरल्या आणि लोकलच्या डब्यातून, प्लास्टिकच्या फुगवलेल्या पिशवीत, मासे कल्याणपलीकडे जाऊ लागले.

त्या पिशवीतून अ‍ॅक्सोलॉटल खडवलीला आणायचा म्हटले तर काय होईल? येथे भूगोल आडवा येतो.

सोचिमिल्को समुद्रसपाटीपासून सुमारे २२४० मीटर उंचीवर आहे. महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर कळसूबाई १६४६ मीटर. म्हणजे आपल्या सर्वांत उंच माथ्याच्याही जवळपास सहाशे मीटर वर त्याचे घर! त्याला १६ ते १८ अंश सेल्सिअस पाणी मानवते. २० च्या वर ताण सुरू होतो. पाणी २४ च्या पुढे बराच काळ राहिले तर भूक मरते, कल्ल्यांवर बुरशी धरते आणि प्राणी दगावू शकतो. खडवलीचा एप्रिल-मे डोळ्यांपुढे आणावा. सह्याद्रीच्या पायथ्याचा तो उकाडा पंख्याने किंवा सावलीने हटत नाही.

म्हणून येथे अ‍ॅक्सोलॉटल पाळणे म्हणजे मुख्यतः पाणी थंड ठेवणे. त्यासाठी टाकीला जोडायचा चिलर लागतो आणि तो उन्हाळाभर, रात्रंदिवस चालावा लागतो. वीज गेली की हिशेब मिनिटांचा नसला तरी तासांचा नक्की असतो. गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या तरंगत ठेवणे ही तात्पुरती सोय; तीत तापमान सतत वर-खाली होते आणि तो हेलकावाही बाधतो. प्राण्याच्या किमतीहून चिलर महाग पडतो, हे दुकानदार सहसा शेवटी सांगतो.

बाकीची निगा तुलनेने सोपी, पण हलगर्जी न खपणारी. एका प्राण्यास निदान ७५ ते १०० लिटर पाणी. उंचीपेक्षा लांबी-रुंदी महत्त्वाची, कारण तो तळाने चालतो. तळाशी खडे नकोत : तो तोंड उघडून भक्ष्य आत ओढतो, त्यासोबत खडाही गिळतो आणि आतडे तुंबते. अगदी बारीक वाळू ठेवावी किंवा तळ मोकळाच सोडावा. त्याला पापण्या नाहीत, म्हणून झगझगीत दिवा नको, लपायला आडोसा हवा. फिल्टर हवा, पण प्रवाह मंद. सोचिमिल्कोचे कालवे जवळजवळ संथ आहेत.

सर्वांत जास्त अ‍ॅक्सोलॉटल मरतात ते न दिसणाऱ्या कारणाने. प्राण्याच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. काही जिवाणू त्याचे नायट्राइट व दुसरे काही नायट्रेट करतात. हे जिवाणू फिल्टरमध्ये रुजायला कित्येक आठवडे लागतात. तोवर टाकीत प्राणी सोडायचा नसतो. नवी टाकी, नवे पाणी आणि त्याच संध्याकाळी नवा पाहुणा हा उत्साह जीवघेणा ठरतो. नळाच्या पाण्यातील क्लोरीन आधी काढून टाकणे हेही त्यातच आले.

खाण्याला गांडूळ उत्तम. खत किंवा औषधफवारणी नसलेल्या जागेतले. खडवलीच्या पावसाळ्यात त्याला तोटा नाही. लहान वयात हे प्राणी एकमेकांचे पाय, कल्ले तोडतात, म्हणून वेगळे ठेवावे लागतात. तुटलेला पाय पुन्हा उगवतो खरा, आणि त्याच गुणामुळे जगभरच्या प्रयोगशाळा त्याच्या मागे आहेत. २०१८ साली त्याचा जनुकसंच उलगडला, तेव्हा तो माणसाच्या सुमारे दहापट मोठा निघाला. पण ‘पुन्हा उगवतो’ हे निष्काळजीपणाचे समर्थन होऊ शकत नाही. नीट सांभाळला तर तो दहा ते पंधरा वर्षे जगतो. आठवीतल्या मुलाने हट्टाने आणलेला प्राणी त्याच्या पहिल्या नोकरीपर्यंत घरात असतो, आणि तेव्हा बाटल्या गोठवत बसलेली असते ती आई.

कायद्याची बाजू फारशी कुणी सांगत नाही. अ‍ॅक्सोलॉटल हा वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील ‘साइट्स’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. भारत १९७६ पासून या कराराचा सदस्य. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि साइट्समधील परदेशी जाती चौथ्या अनुसूचीत आल्या. फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनुसार असा प्राणी जवळ असल्यास ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. हस्तांतर, जन्म आणि मृत्यू यांचीही नोंद द्यावी लागते. पावती नसलेला, कुठून आला ते सांगता न येणारा अ‍ॅक्सोलॉटल घेणाऱ्याने हे आधी वाचावे.

आणि कंटाळा आला तर? नदीत सोडून देणे हा मार्ग अनेकांना पुण्याचा वाटतो. खडवलीत ती नदी म्हणजे भातसा, मुंबईची तहान भागवणारी. अ‍ॅक्सोलॉटल तिच्यात उन्हाळा काढू शकणार नाही हे जवळपास निश्चित. पण मरण्याआधी आपल्या अंगावरची बुरशी, रोग पाण्यात सोडून जाऊ शकतो. सह्याद्रीत सॅलमँडर नाहीत. भारतात ते पूर्व हिमालय आणि ईशान्येकडच्या डोंगरांत आहेत. मात्र सह्याद्रीत बेडकांच्या व देवगांडुळांच्या अशा जाती आहेत ज्या जगात इतरत्र कुठेच नाहीत. टाकीतून सुटलेला सकरमाऊथ मासा महाराष्ट्राच्या जलाशयांत कसा माजला आहे, ते मच्छीमारांना विचारावे. जाळी फाडतो आणि बाजारात त्याला कुणी विचारत नाही.

सोचिमिल्कोवर हीच वेळ आली होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्थानिकांना स्वस्त प्रथिने मिळावीत या सद्हेतूने तिथल्या कालव्यांत आशियाई कार्प आणि आफ्रिकी तिलापिया सोडले गेले. त्यांनी अ‍ॅक्सोलॉटलची अंडी-पिल्ले फस्त केली. शहराच्या सांडपाण्याने उरलेले काम केले. १९९८ च्या गणनेत दर चौरस किलोमीटरला सुमारे ६००० प्राणी होते. २००८ मध्ये १००. २०१४ मध्ये ३६.

काचेच्या पेट्यांत मात्र लाखोंनी. मेक्सिकोच्या ५० पेसोंच्या नोटेवरही तो २०२१ पासून आहे. पात्स्कुआरो सरोवराकाठच्या एका मठात जोगिणी त्याच्या एका भाईबंदाची पैदास करतात. पूर्वी त्यापासून खोकल्याचे औषध करण्यासाठी, आता वंश टिकवण्यासाठीही. त्या जातीचे शास्त्रीय नाव द्युमेरीलवरून पडले आहे.

पेट्यांतले प्राणी सरळ सोचिमिल्कोत सोडून का देऊ नयेत, असा प्रश्न नेहमी येतो. दीडशे वर्षे मोजक्या पूर्वजांपासून वाढलेला, मध्येच वाघ-सॅलमँडरचे रक्त मिसळलेला हा वंश आणि कालव्यातला रानटी वंश आता एक राहिलेले नाहीत. म्हणून मेक्सिकोच्या राष्ट्रीय विद्यापीठातील संशोधक चिनांपा शेतकऱ्यांना हाताशी धरून कालव्यांचे तुकडे जाळीने बंद करतात, कार्प-तिलापिया बाहेर ठेवतात, रसायनांशिवाय शेती करवून घेतात आणि पाणी आधी राहण्याजोगे करतात.

२०२५ साली त्यांनी बंदिवासात वाढवलेले १८ अ‍ॅक्सोलॉटल रेडिओ-खुणा लावून खुल्या पाण्यात सोडल्याचा अहवाल प्रसिद्ध केला. निरीक्षणाच्या काळात सगळे जगले. पुन्हा पकडून पाहिलेल्यांचे वजन वाढलेले होते. ते स्वतः शिकार करून खात होते. त्यानंतर दोघांना बगळ्यांनी उचलले.